दिवा, दौत आणि अडकित्ता

पहाटेचा अंधार पुरता निवळलेलाही नसतो, तोच पिंपरी, आकुर्डी, भोसरी येथील रस्त्यांना जाग येते. पहिल्या पाळीच्या कामगारांना घेऊन मोठमोठ्या गाड्या चाकणच्या दिशेने धावू लागतात. एके काळी जेथे शेते आणि माळराने होती, तेथे आज यंत्रे अहोरात्र फिरत असतात. १९५४ साली पिंपरी येथे प्रतिजैविक औषधांच्या कारखान्याची स्थापना झाली. पुढे एकामागून एक कारखाने उभे राहिले आणि पाहता पाहता चिंचवडपासून चाकणपर्यंतचा हा टापू उद्योगनगरी बनला.

या कारखान्यांत तयार होणाऱ्या मालाचा एक मोठा गुण आहे. तो गुण म्हणजे सारखेपणा. एखाद्या मोटारीचा सुटा भाग मोडला, तर त्याच जातीचा दुसरा भाग आणून बसवावा. तो तंतोतंत बसतो. मापात बारीकसाही दोष निघाला, तरी तो भाग बाजूला काढण्यात येतो. या अचूकपणामुळे वस्तू विपुल झाल्या, स्वस्त झाल्या आणि सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोहोचल्या. यंत्रांचे हे उपकार लहान नाहीत.

परंतु यंत्रे येण्यापूर्वी आपल्या घरातील वस्तू कोण घडवीत असे? आपल्या आजीच्या आजीने ज्या दिव्याच्या उजेडात पोथी ऐकली, तो दिवा कोणाच्या हातचा? पणजोबांनी ज्या दौतीत बोरू बुडवून हिशेब लिहिले, ती दौत कोणी ओतली? इतिहासाच्या पुस्तकांत या प्रश्नांची उत्तरे सहसा सापडत नाहीत. तेथे लढायांच्या तारखा असतात, तहांची कलमे असतात, राजांच्या वंशावळी असतात. पानिपतची लढाई १७६१ साली झाली, हे आपण पाठ करतो; परंतु त्या वर्षी एखाद्या शेतकऱ्याच्या घरी संध्याकाळी कोणता दिवा लागत होता, हे आपल्याला ठाऊक नसते. हा घरातला इतिहास पाहावयाचा असेल, तर पुण्याच्या शुक्रवार पेठेत गेले पाहिजे. तेथे राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे.

पिंपरीहून पुण्याच्या जुन्या पेठांत जाणे आता फार सोपे झाले आहे. मेट्रोगाडी प्रथम उंच खांबांवरून धावते. कासारवाडी, दापोडी, खडकी ही स्थानके एकेक करून मागे पडतात. पुढे शिवाजीनगरपाशी ती जमिनीखाली शिरते, मुठा नदीच्या पात्राखालून जाते आणि कसबा पेठेनंतर मंडईच्या स्थानकात येऊन थांबते. हे स्थानक २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाले. सरकत्या जिन्याने आपण वर येतो, तो काय! आजच्या काळातील सर्वांत नव्या वाहनातून उतरून आपण एकदम पेशवेकालीन वस्तीत उभे असतो.

या वस्तीत हिंडताना रस्त्यांची नावे नीट वाचावीत. पेठांना वारांची नावे आहेत: सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. आळ्यांना मात्र बहुधा कामांची नावे मिळाली. तांब्याची भांडी घडविणाऱ्यांची ती तांबट आळी, बांबूच्या टोपल्या आणि सुपे विणणाऱ्यांची ती बुरूड आळी, कपडे शिवणाऱ्यांची ती शिंपी आळी, आणि मडकी घडविणाऱ्यांचा तो कुंभारवाडा. बुधवार पेठेत एका विठोबाला तर लोक ‘पासोड्या विठोबा’ म्हणतात. कारण त्याच्या देवळाजवळ पूर्वी पासोड्यांचा बाजार भरत असे. गावाची रचना अशी होती, की कोणती वस्तू कोठे मिळेल, हे नावावरूनच कळावे. आपल्याकडे आज औद्योगिक वसाहतींना क्रमांक असतात. त्या काळी वसाहतीला कसबाचेच नाव मिळत असे.

स्थानकाबाहेर येताच मंडईची दगडी इमारत नजरेत भरते. ती १८८६ साली पूर्ण झाली. मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या आठही बाजूंना पसरलेली दालने, अशी तिची मांडणी आहे. आज तिला महात्मा फुले मंडई म्हणतात. जवळच तुळशीबाग आहे. तेथील राममंदिराचे बांधकाम नारो अप्पाजी खिरे तथा तुळशीबागवाले यांनी अठराव्या शतकात आरंभिले. मंदिराभोवतीच्या दुकानांतून पितळेची भांडी, देवपूजेची उपकरणी आणि भातुकलीची खेळणी विकण्याची परंपरा फार जुनी आहे. बाजीराव रस्त्यावर थोडे पुढे दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबाग वाडा आहे. १८०७ साली बांधलेल्या या वाड्याचा दर्शनी भाग कोरीव लाकडाचा आहे. सागवानी लाकडात कोरलेली ती नक्षी पाहून मन थक्क होते. आणि याच परिसरात, नातूबागेजवळ, आपले संग्रहालय आहे.

संग्रहालयात पाऊल टाकण्यापूर्वी त्याच्या नावाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. ‘राजा’ ही येथे पदवी नाही. राजा हे एका लहान मुलाचे नाव होते. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि मग आडनाव लिहितात. त्याप्रमाणे राजा दिनकर केळकर म्हणजे दिनकर केळकरांचा मुलगा राजा. हा मुलगा कोवळ्या वयातच गेला. तुमच्याहूनही तो लहान होता. वडिलांनी आपला सारा संग्रह त्याच्या नावाने ओळखला जावा, असे ठरविले. ज्या मुलाला जग पाहावयास मिळाले नाही, त्याच्या नावाने आज हजारो मुले जुने जग पाहतात.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ साली झाला. ते कवी होते आणि ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा छंद जडला. त्या काळी असा छंद म्हणजे लोकांना वेड वाटे. सोन्याचांदीचे दागिने, हिरेमाणके, बादशाही तलवारी यांचा संग्रह कोणी केला, तर ते समजण्यासारखे होते. परंतु केळकर जमवीत होते ते दिवे, कुलपे, फण्या, अडकित्ते, दौती, विळ्या, किसण्या! ज्या वस्तू लोक अडगळीत टाकीत किंवा वजनावर मोडीत देत, त्या ते शोधून काढीत. गावोगाव हिंडावे, जुन्या वाड्यांतून चौकशी करावी, बाजारात धुंडाळावे, आवडलेल्या वस्तूसाठी पदरमोड करावी, असा क्रम त्यांनी आयुष्यभर चालविला. या कामी त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची त्यांना मोठी साथ लाभली.

केळकरांच्या या खटाटोपामागे एक विचार होता. मोडीत दिलेल्या भांड्याचे वजन मिळते. घडण मिळत नाही. पितळेचा एक सुंदर दिवा भट्टीत वितळला, की पितळ तेवढेच राहते. पण तो दिवा घडविणाऱ्याची कल्पना, त्याच्या हाताचे वळण आणि त्याच्या गुरूने त्याला दिलेली विद्या ही कायमची नाहीशी होते. राजवाड्यातील वस्तू जपणारे पुष्कळ असतात. स्वयंपाकघरातील वस्तू कोण जपणार? केळकरांनी ते काम आपल्या शिरावर घेतले. त्यांच्या संग्रहातील वस्तूंची संख्या वीस हजारांवर गेली. पुढे त्यांनी हा अनमोल ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९८० साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. १९९० साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता आपण आत जाऊ या. एवढ्या मोठ्या संग्रहापैकी थोडाच भाग एका वेळी मांडलेला असतो. तरी तोही एका दिवसात पाहून होत नाही. म्हणून सर्वच वस्तूंवरून घाईघाईने नजर फिरविण्यापेक्षा मोजक्या वस्तूंपाशी थांबणे बरे.

प्रथम दिव्यांकडे पाहू. विजेचा दिवा बटण दाबताच लागतो. म्हणून आपण त्याच्याकडे पाहतही नाही. पूर्वी दिवा लावणे हे एक काम होते आणि तो घडविणे ही एक कला होती. समई पाहा. मध्ये तेलासाठी खोलगट वाटी, वाती टेकविण्यासाठी कडेला पन्हळी, आणि समई कलंडू नये म्हणून खाली रुंद, जड बैठक. लामणदिवा साखळीने टांगलेला असतो. त्याचा उजेड उंचावरून सर्वत्र पडतो. दीपलक्ष्मी म्हणजे हातात दिवा घेऊन उभी असलेली स्त्रीमूर्ती. दिव्याचे काम उजेड देण्याचे. परंतु कारागिराला एवढ्याने समाधान नव्हते. कोठे त्याने मोर बसविला, कोठे हत्ती, कोठे वेलबुट्टी. उपयोग आणि सौंदर्य ही दोन वेगळी आहेत, असे त्याला वाटलेच नाही.

नंतर अडकित्ते पाहावेत. अडकित्ता हे सुपारी कातरण्याचे साधन. सुपारी किती कठीण असते, हे ती दातांनी फोडू पाहणाऱ्यालाच कळते! मग एवढ्याशा अडकित्त्याने ती सहज कशी कातरली जाते? तुम्ही विज्ञानात तरफेचा पाठ शिकला असाल. अडकित्त्याच्या एका टोकाला खिळ्याचा सांधा असतो, तो टेकू. सांध्याजवळ सुपारी धरतात, तो भार. दुसऱ्या टोकाला आपण हाताने दाबतो, ते बल. टेकू आणि बल यांच्यामध्ये भार येतो, म्हणजे ही दुसऱ्या प्रकारची तरफ झाली. दांड्या जितक्या लांब आणि सुपारी सांध्याच्या जितकी जवळ, तितके काम हलके. ज्या लोहाराने हा अडकित्ता घडविला, त्याने तरफेचा नियम पुस्तकात वाचला नव्हता. त्याच्या हाताला मात्र तो पुरता ठाऊक होता. आणि तोच हात पुढे दांड्यांना पोपटाची चोच किंवा घोड्याची मान देऊन मोकळा होई.

दौतींपाशीही थोडे थांबावे. शाई काजळीपासून घरीच बनवीत. बोरू तासून त्याला तिरपा काप देत. मोडी लिपीत लिहिणारा कारकून हात फारसा न उचलता ओळीच्या ओळी लिहीत जाई आणि ओली शाई लवकर सुकावी म्हणून कागदावर बारीक वाळू भुरभुरवीत असे. जुन्या दप्तरांच्या कागदांवर वाळूचे ते कण अजूनही कधी कधी चमकताना आढळतात. प्रवासात शाई सांडू नये म्हणून दौतीला घट्ट झाकण असे. ती कलमदानाला जोडलेली असली, म्हणजे कारकुनाचे सारे कार्यालय कमरेला खोचून निघे!

स्वयंपाकघरातील वस्तू पाहताना मुलींनाच नव्हे, तर मुलांनाही गंमत वाटेल. विळ्या, खवण्या, किसण्या, झारे, शेव-चकल्यांचे सोऱ्ये यांचे किती प्रकार! किसणीला भोके पाडावयाची, तर ती कशीही पाडली तरी चालली असती. पण ती पाडताना कारागिराने त्यांचीच नक्षी केली. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात टाचा घासण्यासाठी वज्री वापरीत. तिचा खालचा भाग खरखरीत असावा लागतो. वरचा भाग मुठीत धरण्याजोगा असला म्हणजे पुरे. त्या वरच्या भागातही कारागिराने पक्षी आणि प्राणी उभे केले. टाच घासण्याच्या वस्तूलासुद्धा ज्याने सुंदर केले, त्याच्या मनाची श्रीमंती किती असेल!

वरच्या दालनांतून कोरीव दरवाजे, खिडक्या, वाद्ये, वस्त्रे, खेळणी आणि चित्रे दिसतात. त्यांत चित्रकथींची चित्रे अवश्य पाहावीत. पैठणची चित्रे म्हणूनही ती ओळखली जातात. रामायण-महाभारतातील प्रसंग ठळक रेषांनी आणि मोजक्या रंगांनी ती सांगतात. गावात रात्री लोक जमत. चित्रकथी दिव्याच्या उजेडात एकेक चित्र समोर धरी आणि गात गात कथा सांगे. चित्रपट येण्यापूर्वीचा तो चित्रपटच म्हणाना! ही परंपरा अद्याप पूर्ण लोपलेली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गावी ठाकर समाजाच्या कलावंतांनी ती जपली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली ‘पद्मश्री’ जाहीर झाली.

पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूड येथे महाल बांधला होता. त्याचे अवशेष आणून केळकरांनी या संग्रहालयात तो महाल पुन्हा उभा केला. तेथे झुंबरे आहेत, चित्रे आहेत; पाहणाऱ्यांची गर्दीही तेथे अधिक असते. ते स्वाभाविक आहे. परंतु महालापाशी थांबलेल्या पावलांनी किसणीपाशी न थांबता निघून जाऊ नये. शनिवारवाडा येथून फार दूर नाही. १७३२ साली त्याची वास्तुशांती झाली; १८२८ साली तो आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. आज तटबंदी, दरवाजे आणि जोती तेवढी उरली आहेत. पेशव्यांचा वाडा गेला; पण त्याच काळातल्या कोणा सामान्य घरच्या वस्तू आपल्यापर्यंत पोहोचल्या. कोणी तरी त्या हातात घेतल्या, पुसल्या आणि जपल्या, म्हणून त्या पोहोचल्या.

असा विचार केवळ आपल्याच देशात झाला, असे नाही. ग्रीस देशाची राजधानी अथेन्स. तेथे टेकडीवर संगमरवरी पार्थेनॉन मंदिर आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती वास्तू पाहण्यास सारे जग लोटते. त्या टेकडीच्या पायथ्याशी जुन्या अथेन्सची दाट वस्ती आहे: अरुंद गल्ल्या, लहान दुकाने, गजबजलेला बाजार. त्या वस्तीत, १७५९ साली बांधलेल्या एका जुन्या मशिदीच्या इमारतीत, १९१८ साली ग्रीक हस्तकलांचे संग्रहालय स्थापन झाले. पुढे ते ग्रीक लोककलेचे संग्रहालय म्हणून नावारूपास आले. खेड्यांतील स्त्रियांचे भरतकाम, मातीची भांडी, विणलेली वस्त्रे आणि छायानाट्यातील बाहुल्या अशा वस्तू तेथे जमविण्यात आल्या. आपल्या पिंगुळीचे कलावंतही चामड्याच्या बाहुल्यांची सावली पडद्यावर पाडून रामकथा सांगतात. मंदिर बांधणाऱ्यांची कीर्ती अमर होती. भरतकाम करणाऱ्या स्त्रियांची नावेही कोणाला माहीत नव्हती. अथेन्समध्ये काय आणि पुण्यात काय, विचार एकच होता: देशाचे वैभव टेकडीवरच्या मंदिरात असते, तसेच ते घरातल्या फडताळातही असते.

संग्रहालयातील वस्तू मुक्या असतात. त्या कशा घडत असतील, याचा आवाज ऐकावयाचा असेल, तर परतताना कसबा पेठेतील तांबट आळीत जावे. तेथे तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा नाद ऐकू येतो. तांब्याचा पत्रा तापवून मऊ करतात, ठोकून त्याला आकार देतात आणि शेवटी त्याच्यावर हातोड्याचे लहान लहान, एकाशेजारी एक असे ठोके देतात. या कामाला मठारकाम म्हणतात. हे ठोके केवळ शोभेसाठी नसतात. ठोकल्यामुळे तांबे घट्ट होते आणि भांडे टिकाऊ बनते. आणि प्रत्येक ठोक्यावर उजेड पडून भांडे झळाळते, ही वर आणखी शोभा. ठोक्यांच्या ओळी आखलेल्या नसतात. तरी त्या वाकड्या होत नाहीत. अशा ओळी उठण्यासाठी हात वर्षानुवर्षे तयार व्हावा लागतो.

पूर्वी घरोघर पाणी तापविण्यास तांब्याचा बंब, आंघोळीस घंगाळ आणि पाणी भरण्यास हंडे-कळश्या असत. वर्षातून एकदोनदा कल्हईवाला दारी येई. भांडे तापवून तो त्यात नवसागर टाकी, कथील फिरवी आणि बोळ्याने पुसून क्षणात भांडे चांदीसारखे करी. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतात; कल्हईमुळे ते कळकत नाहीत. पुढे ॲल्युमिनियमची आणि पोलादाची भांडी आली, विजेचे बंब आले. कल्हईवाल्याची हाक क्वचितच ऐकू येऊ लागली. तांबट आळीतही हे काम करणारी घरे पूर्वीपेक्षा कमी झाली आहेत. मुलांनी बापाचा हातोडा हाती घ्यावा, तर त्या हातोड्याला पुरेसे काम आणि कामाला पुरेसे मोल मिळावयास हवे. केवळ कौतुकाने कला जगत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जुन्या कारागिरांचा गौरव करण्यासाठी यंत्रांची निंदा करण्याचे कारण नाही. यंत्रही अखेर माणसाच्याच हातांनी आणि बुद्धीने घडते. साचा तयार करणारा, कातयंत्रावर काम करणारा, सुट्या भागांची जुळणी करणारा, मापे तपासणारा, असे किती तरी कसबी हात आपल्या कारखान्यांत राबत असतात. अडकित्त्यावर लोहाराचे नाव बहुधा नसते. तसे चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीवरही ती जुळविणाऱ्याचे नाव नसते. कदाचित ते हात तुमच्या वडिलांचे असतील, आईचे असतील, शेजारच्या काकांचे असतील. शुक्रवार पेठेतील संग्रहालय आपल्याला हेच शिकविते, की वस्तू पाहताना तिच्यामागचा हात पाहावा.

उद्योगनगरीत राहणाऱ्या मुलांवर तर याहून मोठी जबाबदारी आहे. तुमच्यापैकी कोणाचे कुटुंब मराठवाड्यातून आले असेल, कोणाचे खानदेशातून, विदर्भातून किंवा कोकणातून. कोणाचे उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक अशा दूरच्या प्रांतांतून. पोटासाठी घर सोडताना माणूस थोडेच सामान बरोबर घेतो. परंतु त्या थोड्या सामानात एखादा तांब्या, एखादी गोधडी, एखादे लहानसे जाते असतेच. ती वस्तू कोठून आली, कोणी दिली, तिला गावाकडे काय म्हणतात, ती कशी वापरतात, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. वस्तू वापरातून गेली, की तिचे नावही बोलण्यातून जाते. ठाणवई, बुधली, रोवळी, शिंके हे शब्द आज किती मुलांना ठाऊक आहेत? शब्द लिहून ठेवण्यास पैसा लागत नाही आणि कपाटही लागत नाही.

दिनकर केळकरांनी आपल्या कवितेवर स्वतःचे नाव घातले नाही. ‘अज्ञातवासी’ एवढेच लिहिले. संग्रहालयालाही त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. आपल्या लहानग्या मुलाचे दिले. आणि त्या संग्रहालयात त्यांनी जागा दिली, ती ज्यांची नावे कोणीच लिहून ठेवली नाहीत, अशा लोहारांना, सुतारांना, कासारांना, तांबटांना आणि भरतकाम करणाऱ्या बायाबापड्यांना. नाव मागे राहावे, असा त्यांच्यापैकी कोणाचाच हट्ट नव्हता. हातचे काम मात्र नीट व्हावे, असा सर्वांचा आग्रह होता. म्हणूनच ते काम आजही टिकून आहे.

शब्दार्थ

टापू – प्रदेश. कसब – हातातील कौशल्य. पासोडी – जाड, दुपदरी पांघरूण. मोडीत देणे – जुनी वस्तू धातूच्या वजनावर विकणे. पदरमोड करणे – स्वतःजवळचा पैसा खर्च करणे. पन्हळ – द्रव वाहून जाण्यासाठी केलेली अरुंद वाट. जोते – इमारतीचा जमिनीलगतचा दगडी चौथरा. फडताळ – भिंतीतील कपाट. कळकणे – तांब्या-पितळेच्या भांड्यात पदार्थ बिघडणे.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) संग्रहालयाच्या नावातील ‘राजा’ या शब्दाचा अर्थ काय?
(आ) ‘पासोड्या विठोबा’ हे नाव कशावरून पडले?
(इ) मठारकाम केल्याने तांब्याच्या भांड्याला कोणते दोन लाभ होतात?

२. अडकित्त्याची आकृती काढून तीत टेकू, भार आणि बल दाखवा.

३. ‘मोडीत दिलेल्या भांड्याचे वजन मिळते, घडण मिळत नाही.’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. पुण्याचे केळकर संग्रहालय आणि अथेन्सचे लोककला संग्रहालय यांतील साम्य पाचसहा ओळींत लिहा.

५. यंत्राने केलेली वस्तू आणि हाताने केलेली वस्तू यांचे प्रत्येकी दोन गुण सांगा.

६. ठाणवई, बुधली, रोवळी, शिंके या वस्तूंची माहिती घरातील किंवा शेजारच्या वडील माणसांकडून मिळवा. आपल्या घरातील एक जुनी वस्तू निवडून तिचे नाव, उपयोग आणि ती घरात कशी आली, याविषयी दहा ओळी लिहा.